बास पकडायला रॉड-रील कुठलं घ्यावं? (पहिल्याच दिवशी सुगरणीचं घरटं झालंय)

वाशिष्ठीकाठ
शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. राहणार प्लेनो, टेक्सास, गाव चिपळूण. मासे खाण्यात मी कुणाला हार गेलेलो नाही, पकडण्यात मात्र खातं कोरं आहे. त्याचीच ही कैफियत.

घरामागे कॉलनीचं तळं आहे. दोन आठवड्यांपूर्वी शेजारच्या कॉलेजातल्या पोराने तिथून मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढा मासा काढला. आमच्या लेकीला (वय १०) दाखवला आणि तिच्याच हाताने परत पाण्यात सोडायला लावला. लार्जमाउथ बास. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

म्हणून गेलो दुकानात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, काय पकडायचंय? म्हटलं, बास. मग बेटकास्टरच हवं म्हणाला, सगळे प्रो तेच वापरतात. ७ फूट ३ इंचांचा 'हेवी' रॉड, बेटकास्टिंग रील, त्यावर ४० पौंडी ब्रेड (म्हणजे विणलेला दोरा) भरून, वर आमिषांची एक पेटी. २१० डॉलर. बायकोला १४० सांगितलेत.

आज मुहूर्त. पेटीतलं सगळ्यात गोंडस, १/८ औंसाचं, छोट्या माशासारखं आमिष बांधलं. ऐटीत मागे नेलं, फेकलं. आमिष आठ फुटांवर टपकन पडलं आणि रीलमधून खर्रर्र आवाज येऊन दोरा असा फुगला की सुगरणीचं घरटं परवडलं. पाऊण तास क्रोशाच्या सुईने सोडवत बसलो, शेवटी कात्री. दुसऱ्या फेकीला तेच. तिसऱ्या फेकीला लेक म्हणाली, "मी घरात जाऊ?"

भरीस भर म्हणजे अण्णा (माझे वडील) सहा महिन्यांसाठी आलेत. काठावर खुर्ची टाकून ते सगळं बघत होते. लहानपणी गोवळकोटच्या खाडीवर त्यांनी तंगूस बोटाला गुंडाळून गरवलंय. "गळ, शिसं, तंगूस. बस. एवढं यंत्र कशाला लागतंय याला?" आणि शेजारच्या पोराने मासा परत सोडला हे कळल्यावर, "सोडायचा तर धरला कशाला?"

तर प्रश्न असे. रील बेटकास्टर ठेवू की ते वायरच्या कमानीवालं स्पिनिंग घेऊ? रॉडवर मीडियम, हेवी, फास्ट, मॉडरेट लिहितात त्यात आपल्या कामाचं काय? ब्रेड, मोनो, फ्लोरो या दोऱ्यांतलं काय भरू? आणि पेटीत बत्तीस आमिषं आहेत, त्यातलं कुठलं? यूट्यूब बघू नका म्हणून सांगा, बघून झालंय, डोकं आणखी फिरलंय.

---

एडिसनचा_मावळा
रविवार, सकाळी ७:४५

सरळ झेब्को ३३ हे रील घ्या. मागे बटण असतं. दाबायचं, फेकताना सोडायचं, संपला विषय. गुंता होत नाही. आमच्या दोन्ही मुलांनी त्याच्यावर सुरुवात केली.

जाता जाता एक गंमत. झेब्को हे नाव आलंय 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'वरून. तुल्सा, ओक्लाहोमातली कंपनी, तेलाच्या विहिरींत उडवायचे टाइमबॉम्ब बनवायची. १९४९ मध्ये पहिलं रील काढलं आणि पुढे बॉम्ब बंद, रील चालू.

---

खुंटावरचा_बगळा
रविवार, सकाळी १०:२०

वाशिष्ठीकाठ, चूक तुमची नाही, रीलचीही नाही. चूक आहे वजनाच्या हिशोबात. मूठ जिथे संपते त्याच्या वर, रॉडच्या दांड्यावर बारीक अक्षरं छापलेली असतात, ती चष्मा लावून वाचा. तुमच्या हेवी रॉडवर बहुधा ३/८ ते सव्वा औंस असं काहीतरी असेल. तुम्ही फेकलंत १/८, म्हणजे साडेतीन ग्रॅम. चिंचेचे तीन-चार चिंचोके भिरकावण्यासाठी तुम्ही गोफण विकत घेतलीत.

लहानपणी पतंगाची फिरकी धरली असेलच. पतंग झपाट्याने मांजा ओढतोय तोवर फिरकी गरगर फिरते आणि सगळं झकास चालतं. पतंग मध्येच थबकला आणि फिरकी मात्र फिरतच राहिली, की मांजा ढिला पडून हातात गुंता. बेटकास्टर म्हणजे ती फिरकी. आमिषाच्या वजनाने रीळ फिरतं. वजन कमी असलं तर आमिष हवेत लगेच मंदावतं, रीळ मात्र तुम्ही दिलेल्या झटक्याने फिरतच राहतं. अंगठ्याने त्याला आवरायचं असतं आणि तो अंगठा तयार व्हायला मला तरी एक अख्खा उन्हाळा लागला.

स्पिनिंगमध्ये फेकताना रीळ फिरतच नाही. ते उभंच्या उभं, दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळी सुटत जातो. म्हणून हलकं आमिषही जातं. तुम्हाला हेच हवं.

आता काय घ्यायचं ते. रॉड साडेसहा ते सात फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. रील २५०० नंबरचं. दोन्ही मिळून ५०-७० डॉलरात चांगलं येतं. अग्ली स्टिक जीएक्स२ हा जोड मी तीन भाच्यांना दिलाय, त्यातला एक गाडीच्या दारात सापडूनही शाबूत आहे. (मला कुणी कमिशन देत नाही, मागून पाहिलंय.) बेअरिंग किती आहेत या आकड्याला भुलू नका. दुकानात ड्रॅगची चकती (मासा ओढतो तेव्हा दोरा किती सहज सुटेल ते तीच ठरवते) अर्धी सैल करा आणि दोरा हाताने ओढा. सुळसुळ एकसारखा सुटला तर घ्या, अडखळत सुटला तर ठेवा खाली.

पॉवर आणि ॲक्शन यात सगळे गोंधळतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठे वाकते. फास्ट असेल तर नुसता शेंडा वाकतो, मॉडरेट असेल तर कंबरेतून वाकते. एकेरी गळ जाड ओठात रुतवायचा तर शेंड्याखाली लगेच ताठ होणारी काठी हवी, म्हणून फास्ट. क्रँकबेटला (पाण्यातून ओढत आणायचं माशाच्या आकाराचं कडक आमिष) तीन टोकांचे बारीक गळ लटकलेले असतात, तिथे कडक काठीने हिसका दिला की गळ ओठ फाडून मोकळा होतो, म्हणून मॉडरेट. तुम्हाला वर्षभर तरी फास्टच पुरे.

दोरा. पहिल्या सीझनला ८ पौंडी साधा मोनो, म्हणजे आपला तंगूसच. स्वस्त, गाठ नीट बसते, ताणला की थोडा लांबतो त्यामुळे नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. ब्रेड अजिबात ताणत नाही आणि गवत कापत जातो, पण स्वच्छ पाण्यात उठून दिसतो म्हणून पुढे फ्लोरोचा तुकडा जोडावा लागतो. त्या गाठी नंतर शिका. नुसता फ्लोरो स्पिनिंगवर भरलात तर स्प्रिंगसारखा उड्या मारत बाहेर येईल. रीळ काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवा. आणि एक सवय आजपासून लावा: फेकून झालं की कमान हाताने बंद करायची, रीलचा दांडा फिरवून नाही. दांडा फिरवून मिटवली की दोऱ्याला पीळ चढत जातो आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा इथे रडत याल.

बत्तीस आमिषांची पेटी लेकीला मांडामांड करायला द्या. तुम्ही घ्या एक पाकीट: पाच इंची मऊ काठीसारखा किडा, सेन्को म्हणतात तो, रंग 'ग्रीन पम्पकिन', म्हणजे शेवाळी हिरवा. सोबत १/० नंबरचे गळ आणि छोटे रबरी ओ-रिंग. किड्याच्या बरोबर कंबरेत रिंग चढवायची, रिंगखालून गळ आडवा घालायचा. ही वॅकी रिग. शिसं लावायचं नाही. किड्याच्या अंगातच मीठ भरलेलं असतं, तो स्वतःच्या वजनाने दोन्ही टोकं थरथरवत बुडतो. दिसायला इतकं येडपट की पहिल्यांदा मला दुकानदार थट्टा करतोय असं वाटलं होतं.

प्लास्टिकचा किडा ही चीज आली १९४९ मध्ये, ऍक्रन, ओहायोतल्या निक क्रीम यांच्या स्वयंपाकघरातून. पुढे त्यांची कंपनी आमच्या टायलरलाच आली. मी राहतो तिथून जवळच.

फेकलात की काही करू नका. दोरा थोडा ढिला सोडा आणि जिथे तो पाण्यात शिरतो तिथे नजर लावा. बास किडा चावत नाही. भलंमोठं तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. तुम्हाला दिसतं एवढंच की दोरा टिचकी मारल्यासारखा उडाला किंवा आडवा चालायला लागला. ढील गुंडाळा, मग रॉड उचला. आणि इथेच तुमच्या अण्णांचं काम आहे. रॉड हातात असताना रीलच्या पुढे दोऱ्याखाली तर्जनी ठेवायची. टक, टक, मग ओढ. गोवळकोटला त्यांच्या बोटाला जे कळत होतं तेच. ते तुमच्या आधी पकडतील, लिहून ठेवा.

तळ्यात कुठे फेकायचं? मध्यभागी नाही! सगळे नवशिके तळ्याच्या पोटात फेकतात. बास कडेला असतो: झाडाच्या सावलीत, पाणी येतं त्या पाइपाच्या तोंडाशी, गवत संपतं त्या रेषेवर. काठापासून चार पावलं मागे उभे राहा आणि पहिली फेक काठाला समांतर करा.

सध्या एप्रिल आहे, म्हणून एक विनंती. उथळ पाण्यात तळ झाडून ताटाएवढं गोल स्वच्छ केलेलं दिसलं तर ते घरटं आहे (तुमच्या रीलमधल्यापेक्षा नीटनेटकं). अंडी घालून मादी निघून जाते, राखण नर करतो. त्याच्या डोळ्यांसमोर काहीही टाकलं की तो धावून येतो, त्याला भूक नसते, राग असतो. कायद्याने तो पकडता येतो. मी पकडत नाही. तो काठावर आपल्या हातात असेपर्यंत तेवढ्या वेळात ब्लूगिल नावाचे छोटे मासे घरटं साफ करून जातात.

शेवटी गाठ. पालोमार शिका, आणि आवळायच्या आधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस भाजतो. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. लेक फोर्क या तलावावर, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडांमध्ये, फेब्रुवारीत एक मासा लागला होता. धरण बांधताना तिथली झाडं तशीच ठेवली, म्हणून हे सगळं खुंटांचं रान. मासा खोडाला वळसा घालून वर आला, तोंड उघडून डोकं हलवलं. त्या तोंडात माझी मूठ गेली असती. आणि दोरा हलका झाला. ओढून घेतला तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वळण. दोरा तुटला असता तर टोक सरळ असतं. शेपूट म्हणजे गाठ सुटली. थंडीत बोटं गारठली होती, गाठ कोरडीच आवळली होती. सतरा वर्षं झाली, ते शेपूट पाकिटात ठेवलंय.

टेक्सासचा विक्रमही त्याच तलावातला, जानेवारी १९९२, १८.१८ पौंड. माझा तेवढा नव्हता. पण फार कमीही नव्हता!

बेटकास्टर परत करू नका. पुढच्या वर्षी गवतावरून रबरी बेडूक ओढायला हीच काठी आणि हाच ब्रेड लागणार आहे. तोवर अंगणात अर्ध्या औंसाचं बिनगळाचं वजन बांधून सराव करा. बाजूची टेन्शनची कळ अशी लावा की बटण दाबल्यावर वजन हळूहळू उतरेल आणि जमिनीला टेकताक्षणी रीळ थांबेल. घरटं झालंच तर आधी सुई नको. अंगठा रिळावर घट्ट दाबून दांडा तीन-चार वेळा फिरवा, मग बटण दाबून दोरा ओढा. निम्मी वेटोळी आपोआप सुटतात.

---

पहाटपाखरू
रविवार, दुपारी २:०५

बगळेकाका, सगळं मान्य, पण तुम्ही दहा वर्षांच्या मुलीला "काही करू नका, दोऱ्याकडे बघा" सांगताय. माझी धाकटी तेवढ्याच वयाची होती तेव्हा आम्ही कॅरीहून (नॉर्थ कॅरोलिना) जॉर्डन लेकला जायचो. तिचा धीर चार मिनिटांचा. सेन्को बुडेपर्यंत ती खारीच्या मागे पळालेली असायची.

मुलीसाठी पहिला मासा ब्लूगिल असू द्या. छोटा गळ, गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, वर लाल-पांढरा बुचाचा गोळा. गोळा बुडतो ते तिला दिसतं, आणि तळहाताएवढे मासे एकामागून एक येतात. बास हा ब्लूगिलच्याच घराण्यातला आहे, नाव बास असलं तरी. ब्लूगिल जिथे आहेत तिथे त्यांना खायला बासही बहुधा असतो, तेव्हा जागाही कळते.

तिला तुमचा सात फुटी रॉड देऊ नका. साडेपाच फूट, मीडियम लाइट. मूठ तिच्या कोपरात अडकता कामा नये. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. गळ कुणाच्या तरी कानात जाणारच आहे, मग निदान सहज निघेल. आमच्या घरी तो माझ्या नवऱ्याच्या कानात गेला. चष्मा सगळ्यांना सक्तीचा. आणि बसण्याआधी जमीन बघा. तुमच्याकडेही त्या लाल आगमुंग्या आहेत. अण्णांची खुर्ची वारुळावर नाही ना, ते तपासा.

मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि तीच त्याची कातडीवरची राखण असते. बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात, दात सँडपेपरसारखे असतात, चावत नाही. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. ओठावर आडवा लोंबकळत ठेवून फोटो काढू नये, जबडा निखळतो.

लायसन्सचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, अण्णांना आणि तुम्हाला लागतं. पण स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायला कुणालाच लागत नाही. माझी बहीण डेंटनला आहे, ती पाहुण्यांना घेऊन रे रॉबर्ट्सच्या पार्कात जाते ते त्याचसाठी.

---

खारेपाटकर
रविवार, रात्री ९:३०

आम्ही पेणचे, अलिबागकडे खाडीवर जिताड्याच्या मागे असतो. जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात, म्हणून नाव वाचून धाग्यात शिरलो. तुमच्या बासचा नि त्याचा कुळाने काही संबंध नाही, पण बगळेकाकांनी जे आत ओढून घेण्याचं लिहिलंय ते शंभर टक्के तसंच. जिताडा कोळंबी घेतो तेव्हा 'टॉक्' असा आवाज येतो, रात्री काळोखात नुसता आवाजावर कळतो.

फरक एक. आमच्या भावाला तुम्ही ओठात अंगठा घालून उचलायला जाऊ नका. गालफडाची कड ब्लेडसारखी असते, तंगूससुद्धा कापतो. आम्ही पुढे ४०-५० पौंडी जाड तुकडा जोडल्याशिवाय टाकतच नाही. तुमच्या त्या ४० पौंडी ब्रेडचा रॉड नको असेल तर अण्णांबरोबर पाठवून द्या, इथे त्याला योग्य पाणी आहे.

बाकी सोडून द्यायचं म्हणाल तर आमच्याकडे जिताडा सोडला असं घरी सांगितलं तर घरात घेणार नाहीत. पण एक आहे, जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे सगळे उचलले की अंडी घालणारं कोणी उरत नाही. हे कळल्यापासून मी स्वतः मासा फार मोठा असेल तर दोनदा विचार करतो. विचार करतो म्हटलंय, सोडतो म्हटलेलं नाही.

---

वाशिष्ठीकाठ
रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. बगळेकाका, स्पिनिंगचा जोड आणला, ५४ डॉलर (बायकोला खरा आकडा सांगितला, त्यामुळे आधीच्या १४० वर शंका आली). लेकीला साडेपाच फुटी. खारेपाटकर, रॉड सध्या विक्रीला नाही.

एक अडचण. अण्णा म्हणतात पकडलेला मासा घरी आला पाहिजे, नाहीतर मी येत नाही. किती लांबीचा ठेवता येतो?

---

खुंटावरचा_बगळा
सोमवार, सकाळी ६:१५

राज्याचा साधारण नियम: लार्जमाउथ १४ इंच किंवा जास्त, दिवसाला पाच. पण तलावागणिक बदलतो. फोर्कवर उलटं आहे, १६ ते २४ इंचांमधला सोडायचाच, कारण अंडी घालणाऱ्या चांगल्या माद्या त्याच मापात असतात. लहान ठेवा, आणि २४च्या वरचा दिवसाला एकच. कॉलनीच्या तळ्यावर कॉलनीची पाटी वाचा. बहुतेक ठिकाणी सगळेच सोडायचे असतात.

अण्णांना सांगा, चवीला बास म्हणजे पाण्यात भिजवलेला कापूस. मी दोनदा केला, एकदा कोकम घालून, एकदा तिरफळ घालून. दोन्ही वेळा कोकम-तिरफळ वाया गेलं.

---

वाशिष्ठीकाठ
पुढचा रविवार, दुपारी १:४०

वृत्तांत.

शनिवारी पहाटे सहाला तिघं तळ्यावर. पाटी वाचली: सगळे मासे परत सोडावेत. अण्णांनी पाटी वाचली, काही बोलले नाहीत, चपला काढून गवतात उभे राहिले. आगमुंग्या तपासल्या होत्या.

पहाटपाखरूताई, तुमचा बुचाचा गोळा पहिल्या दहा मिनिटांत बुडाला. लेकीने सहा ब्लूगिल काढले. प्रत्येकाला नाव दिलं, तिसऱ्याचं नाव 'मोदक'. हात ओला करायला ती स्वतःच मला बजावत होती.

मी सेन्को घेऊन पाइपाच्या तोंडाशी. काका, तुम्ही म्हणालात तसं काही केलं नाही. पाऊण तास काहीच केलं नाही आणि काहीच झालं नाही. मग अण्णा आले, रॉड मागितला. फेकायला मीच फेकून दिलं, कमान हाताने मिटवली. त्यांनी रील बघितलंसुद्धा नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा धरला, रॉड नुसता काखेत, आणि झाडाकडे बघत उभे. पाण्याकडे नाही! म्हटलं, अण्णा, दोऱ्याकडे बघायचं असतं. म्हणाले, "गप."

मिनिटभराने त्यांचं अंगठ्याशेजारचं बोट हललं. माझ्या डोळ्यांना दोऱ्यात काही दिसलं नव्हतं, शपथेवर सांगतो. त्यांनी बोटानेच दोरा हळूच दोन इंच सोडला, आणि मग काखेतला रॉड दोन्ही हातांनी असा उपसला की मी मागे सरलो. रॉडचा शेंडा पाण्याला टेकला, ड्रॅग सुळसुळला, मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, तोंड फाकून. अण्णांना रील गुंडाळता येईना. ते उलटा दांडा फिरवायला लागले, मग रॉड खांद्यावर टाकून काठापासून सरळ मागे चालत गेले आणि मासा गवतावर आला. असं कुठल्याही व्हिडिओत मी पाहिलं नाही.

साडेसोळा इंच. लेकीने टेप लावली. अण्णांनी तो ओल्या हातात धरून उलटा-सुलटा पाहिला, गालफडं दाबून पाहिली, बाजारात बघतात तशी. मग लेकीला म्हणाले, "याचं नाव काय ठेवायचं?" आणि तिच्याबरोबर गुडघ्यावर बसून सोडला.

घरी आल्यावर पाटीवर कॅटफिशचं नाव आहे का, हे मला दोनदा विचारून झालंय. रे रॉबर्ट्सला जायचं ठरतंय, पुढच्या शनिवारी. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा: कॅटफिशला कोंबडीची कलेजी चालते का, आणि ती गळावरून गळून पडते त्याला इथली माणसं काय करतात?

---

खुंटावरचा_बगळा
रविवार, दुपारी ३:००

चालते. आदल्या रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट होते, आणि गळाला शिवणाच्या दोऱ्याने दोन वेढे द्या. रॉड काठावर टेकवून चहा प्यायला जाऊ नका, कॅटफिश रॉडसकट नेतो. आणि अण्णांना विचारून सांगा, दोन इंच दोरा सोडला तो का? मी चोवीस वर्षं लगेच हिसका देत आलोय.